सहावा दात

आमच्या बालीत दात घासून घेतल्याशिवाय मुलीचं लग्न लागत नाही. वरचे सहा दात कानशीने घासले की षड्रिपू नरम पडतात म्हणे. सहाही आल्याशिवाय पुजारी कानस हातात धरत नाही, आणि माझे होते पाचच. उजवा सुळा विशी आली तरी हिरडीत अडकलेला. तो अडकला म्हणून मी सुटलेली. नाहीतर आईबापामागे मला वाढवणाऱ्या काकूने त्या दुप्पट वयाच्या गिरणीवाल्याशी माझं लग्न केव्हाच उरकलं असतं.

रोज सकाळी देवाला फुलं वाहून झाली की काकू अंगठ्याने माझी हिरडी चाचपायची. "आला का गं मेला?"

"नाही."

आज जिभेला टोक लागलं. मी तोंड घट्ट मिटून बसले.

"सारिणी, आ कर! दातखीळ बसली का?" म्हणत तिने अंगठा आत कोंबलाच. माझं डोकं फिरलं. मी कडकडून चावले.

काकू किंचाळली. मग अंगठा उन्हात धरून बघत राहिली. पाच खुणांच्या शेजारी रक्ताचा एक बारीक ठिपका होता.

"अगं बाई, सहा!" ती आनंदाने ओरडली. "अहो, पुजाऱ्यांना बोलवा!"