मेकॅनिक सामुदियोचं विमान

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात, विमानवेड्यांच्या क्लबात त्या रविवारी जी जुंपली, ती तळहातावर मावेल एवढ्या ओतीव धातूच्या विमानावरून. नगरपालिकेच्या काचेच्या कपाटात एकच थंडरबोल्ट लढाऊ विमान ठेवायचं होतं आणि टेबलावर आली होती दोन. तीही एकाच विमानाची छोटी रूपं. महायुद्धात मेक्सिकोची तुकडी फिलिपिन्समध्ये लढली, तिच्यातलं ते विमान.

एक सेन्योर अबुंदियोचं. खोक्याचं सीलही न फोडलेलं, पट्टीवर वैमानिकाचं नाव: तेओदोसिओ बार्रागान. दुसरं रेफुहियोबाईंचं. बाईंनी खोकं केव्हाच फेकून दिलं होतं. विमानाची चाकं खाली सोडली होती, पोटाखाली तेलाचे ओघळ रंगवले होते आणि पट्टीवर वडिलांचं नाव घातलं होतं: निकानोर सामुदियो, मेकॅनिक.

"अरेरे! चांगल्या मालाचं मातेरं केलंत, बाई," अबुंदियो म्हणाला. "हे काय, नेलपॉलिश फासलंय की काय?"

"फासलंय. शेपटीचा लाल पट्टा माझ्या बाटलीतला. पुढे बोला."

"आणि नाव मेकॅनिकचं? अहो, जो उडवतो त्याचं विमान!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "उडवायचं चार तास. उरलेले वीस तास ते कुणाचं होतं हो? चिखलात उताणं पडून, डास मारत माझ्या बापाने ते उडतं ठेवलं. तुमचं तर अजून खोक्याबाहेरही पडलेलं नाही!"

सगळे खो खो हसले. पण क्लबाचा रिवाज अबुंदियोच्या बाजूचा होता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पट्टीवर नाव वैमानिकाचंच असायचं. वडील गेले तेव्हा पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नव्हत्या. आज हेही हुकलं, तर ते नाव घराबाहेर कुणाला कळणार नव्हतं.

निवड करायला आले खुद्द कॅप्टन बार्रागान. वय ब्याऐंशी, हातात काठी. अबुंदियोने लगबगीने खोकं पुढे केलं.

"कॅप्टन, हे तुमचं विमान. बोटसुद्धा लागलेलं नाही."

"दिसतंय," कॅप्टन म्हणाले. मग त्यांनी बाईंचं विमान उचललं, उलटं केलं, ओघळ पाहिले, पट्टी वाचली.

"निकानोरची मुलगी का तू?"

"हो. थोरली."

"मी अधिकारी, तो साधा मेकॅनिक. पण तो 'तयार' म्हणेपर्यंत पंखावर पाय ठेवायची माझी छाती नव्हती. एकदा नाहीच म्हणाला. मी त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. त्याने मुकाट्याने तेलाची चिरलेली नळी काढून माझ्या हातात दिली. त्या दिवशी उडालो असतो तर आज इथे नसतो, पोरी."

कॅप्टननी विमान बाईंसमोर टेबलावर ठेवलं, काठी खुर्चीला टेकवली, टोपी काढली आणि ताठ उभे राहिले.

"सामुदियो, विमान तयार?"

बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"तयार आहे, कॅप्टन. घेऊन जा."