पिस्तुलाची घडी

मी वस्तू जपणारा माणूस आहे. आमच्या टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लास्टिकची पिशवी आहे आणि बटणं त्या पिशवीवरूनच दाबायची, असा घरात नियम आहे. बायको राजेश्वरी म्हणते, "बरं झालं, मला तरी वेष्टनातनं काढलंत." तर आबा गेल्यावर त्यांचं पिस्तूल परवाना बदलून माझ्या नावावर झालं, तेव्हा ते योग्य माणसाच्या हाती पडलं असं मला मनापासून वाटलं.

आबा म्हणजे सुभेदार नाथाजी. चाळीस वर्षांपूर्वी पलटणीतल्या एका निवृत्त होणाऱ्या साहेबाकडून त्यांनी ते रीतसर विकत घेतलं होतं. विलायती, बत्तीस बोअरचं, तळहाताएवढं. सोबत निळ्या मखमलीची पेटी, तेलाची इवलीशी कुपी, नळी पुसायचा ब्रश आणि कारखान्याचा पिवळा पडलेला कागद. साहेबानं ते कधी उडवलं नव्हतं, आबांनीही नाही. निवडणूक लागली की ते वडूजच्या पोलीस ठाण्यात जमा व्हायचं आणि निकालानंतर पावती दाखवली की माहेरपण आटोपल्यासारखं घरी यायचं. खंडेनवमीला पाटावर बसून हळदकुंकू लावून घ्यायचं. बाकी वर्षभर कपाटात.

खंडेनवमीला ओवाळताना माझी आई, मनुबाई, दरवर्षी एकच विचारायची, "आवं, वाजतं का हे?" आबा म्हणायचे, "म्होरल्या साली बघू." त्यांच्या शेवटच्या दसऱ्यालाही ते हेच म्हणाले.

यंदा जानेवारीत ते पिस्तूल पाहायला सांगलीहून सुमंतराव आले. दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. जुन्या हत्यारांचा त्यांना नाद. त्यांनी पांढरे हातमोजे चढवले आणि बारक्या टॉर्चनं पाच मिनिटं नळी न्याहाळली.

"धैर्यशीलराव, हे कोरं आहे," ते शेवटी म्हणाले. "कारखान्यात तपासणीला उडवलं असेल तेवढंच. माझ्या सगळ्या नादात असं दुसरं पाहिलं नाही. पण एक बार काढलात, की हे चारचौघांसारखं झालं."

येत्या दिवाळीत सांगलीत ते संग्राहकांचं प्रदर्शन भरवणार होते. सगळ्या परवानग्या तेच काढणार होते. मधल्या काचेच्या पेटीत हे पिस्तूल आणि खाली पाटी: सुभेदार नाथाजी यांचे, न वापरलेले. मी ती पाटी डोळ्यांसमोर आणली आणि छाती अशी काही फुगली की शर्टाच्या गुंड्या सांभाळाव्या लागल्या.

आई उजवा कान पुढं करून ऐकत होती. डावा दोन वर्षांपूर्वीच गेलाय. उजवाही उतरत चाललाय, वर्षभर टिकला तर टिकला, असं साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. मशिनीनं तिला नुसती घरघर ऐकू येते.

"पावनं, तुमी तरी सांगा," ती म्हणाली. "वाजतं का?"

"आजी, ते वाजवायचं नसतं," सुमंतराव हसले.

"मग केलंय कशाला?"

सुमंतरावांनी चहाचा कप उचलला.

ते गेल्यावर आई म्हणाली, "मला त्याचा आवाज ऐकायचाय. ह्यो कान हाय तवर. चाळीस वर्सं त्येच्या शेजारी झोपले, कुंकू लावलं, आन् कसं बोलतंय ठावं न्हाई."

मी तिला दुर्मीळपणा समजावला. भूगोल शिकवतो, त्यामुळे समजावण्याची सवय आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग ट्रंक उघडली आणि एक साडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. डाळिंबी रेशमी, जरीच्या काठाची. ज्या रजेत पिस्तूल आलं, त्याच रजेत आबांनी बंगळुरूहून आणलेली. चांगल्या कार्याला नेसू, म्हणून ती ठेवत गेली. माझ्या लग्नातही नेसली नाही. हळदीचे डाग पडतील म्हणाली.

"उघड," ती म्हणाली.

मी उघडली. प्रत्येक घडीवर साडी चिरलेली होती. खिडकीपुढं धरली तर रेघारेघांनी उजेड आत आला. राजेश्वरीच्या तोंडून "आत्या!" एवढंच निघालं. मला फार वाईट वाटलं. साडीचं वाटलं, आईचं वाटलं, आणि रिमोटवरच्या पिशवीचीही आठवण झाली.

"एकदा जरी नेसले असते, तरी कारणी लागली असती," आई म्हणाली. "कुणी घातली न्हाई, मोडली न्हाई, तरी गेलीच."

तरी मी लगेच तयार झालो नाही. आठवडाभर घोळ घातला. वर्गात मुलांना कृष्णेचं खोरं सांगताना माझ्या डोक्यात दुसरंच चालायचं. आवाज कसा असेल? फटाक्यासारखा, की पाट आपटल्यासारखा? हाताला झटका किती बसेल? मलाच इतकं कुतूहल असेल असं वाटलं नव्हतं. आणि आबांना? फौजेत शेकडो बार काढलेल्या माणसाला आपल्या एकुलत्या एका पिस्तुलाचा आवाज ऐकावासा कसा वाटला नसेल? की वाटला, आणि म्होरल्या सालावर गेला?

शेवटी मीच आईला म्हणालो, "चल. पण पहिला बार कोण काढणार?"

आमच्याकडे नवी साडी आधी जिवाभावाच्या बाईला नेसायला देतात, घडी मोडायला. मग मालकीण नेसते. आईनं तोच हिशेब लावला. "घडी मी मोडते. मग तू वापर."

साताऱ्याबाहेर माळावर नेमबाजीची एक खाजगी रेंज आहे. राजेश्वरीला घेऊन आम्ही तिथं गेलो. तिथले शंभूराज हे निवृत्त हवालदार. त्यांनी परवाना पाहिला, पिस्तूल खोललं आणि ब्रश फिरवला. वरच्या खाचांतून तांबडं काहीतरी निघालं.

"गंज?" मी पुढं वाकलो.

त्यांनी बोटावर घेऊन हुंगलं. "कुंकू हाय, सर."

सुमंतरावांच्या टॉर्चला नळी दिसली होती, चाळीस खंडेनवम्या दिसल्या नव्हत्या. चारचौघांसारखं ते तसंही नव्हतंच.

शंभूराजांनी रेंजवरची नवी काडतुसं भरली, आईच्या कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड कानटोप्या चढवल्या आणि तिच्या हाताखाली वाळूची पिशवी दिली. मी एका बाजूला, ते दुसऱ्या. एकोणऐंशी वर्षांच्या आईनं पदर खोचला आणि चाप ओढला. पुठ्ठ्यावरचं लक्ष्य जागच्या जागी होतं. मागच्या मातीच्या बांधावर धुरळा उडाला. संपलं. घडी मोडली.

आईनं कानटोप्या काढल्या. "दणका बसला हातात. आवाज कुठाय?"

"आजी, त्या घातल्या की कमीच येणार. काढून देता येत न्हाई, नियम हाय," शंभूराज म्हणाले.

"मी ऐकायला आलेय गड्या, कान झाकायला न्हाई."

मग शंभूराजांनीच वाट काढली. मागं फाटकापाशी लिंबाचं झाड होतं, चांगलं शंभर पावलांवर. तिथं उभं राहिलं तर कानटोप्या लागत नव्हत्या. राजेश्वरी आईला धरून तिकडं घेऊन गेली. म्हणजे आता पिस्तूल मलाच उडवायचं होतं. जपणाऱ्या माणसाला.

ते अजून कोमट होतं. इतकी वर्षं ते मला थंडच माहीत होतं. मी चाप ओढला. हात वर उडाला. वळून पाहिलं तर आई उजव्या कानामागं तळवा धरून उभी, आणि मग तिनं एक बोट वर केलं. आणखी एक. मी काढला. पुन्हा बोट. उरलेली पाचही काडतुसं संपली.

मी धावतच फाटकापाशी गेलो. "आला का ऐकू? कसा वाटला?"

आई हसत होती, आणि गालावरनं पाणी वाहत होतं. "आरं, तुझं आबा! रजेवर आलं की दारात खाकरायचं, आत सुनाबाळी हायत म्हणून. तस्सं. कोरडं, दोनदा-तीनदा."

मला एकदम तो आवाज आठवला. मीही रडलो, शंभूराजांसमोर.

घरी आल्यावर सुमंतरावांना फोन लावला. ही गोष्ट लपवण्यातली नव्हती. "उडवलं," मी म्हणालो. "सहा बार." बोलणी खायची तयारी मी ठेवलीच होती.

मग ते हळूच म्हणाले, "धैर्यशीलराव, माझ्याकडं बावीस आहेत. एकाचाही आवाज मी ऐकलेला नाही. कसा होता हो?"

आई शेजारी बसून पिस्तुलाला नव्यानं कुंकू लावत होती. "काय म्हणत्यात?" तिनं उजवा कान पुढं केला.

"आवाज कसा होता, इचारत्यात," मी जोरात सांगितलं.

"सांगून कळायचं न्हाई," आई म्हणाली. "म्हणावं, कान हायत तवर या."