तिसरी तारीख

"पाहिलंत की ऐकलंत?" तांबडी पेन्सिल ओळीवर टेकवून वकीलबाईंनी विचारलं. लेखातलं प्रत्येक वाक्य त्या याच चाळणीतून काढत.

"ऐकलं," काका पुटपुटले. "लेकीच्या बाळंतपणाला परगावी होतो. टाकीवरच्या वॉचमननं सांगितलं."

"आणि तो आता मिठाची गुळणी धरून बसलाय!"

काका जन्मभर पाणीपुरवठ्याचे पंपचालक. निवृत्तीनंतर गावच्या पाण्यावर ब्लॉग लिहू लागले. ठेकेदारानं तीन तारखांना टाकी धुतल्याचं कागदावर दाखवलं, धुतली एकदाही नाही, असं त्यांनी लिहिलं. ठेकेदारानं अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. लेख काढा, माफी मागा!

"तिसरी तारीख ऐकीव, हे कोर्टात तुम्हीच आधी सांगायचं."

"म्हणजे आपल्याच पायावर धोंडा?"

"दुसऱ्यानं मारला तर डोक्यात बसेल. खऱ्याच्या पाठीशी देव असतो, काका; पण पिंजऱ्यात आपल्यालाच उभं राहावं लागतं."

काका उभे राहिले. "तिसऱ्या दिवशी मी नव्हतो, साहेब. ऐकून लिहिलं. चुकलो." समोरच्या वकिलाच्या ओठांवर नेमका हाच प्रश्न होता, तो तिथंच विरला.

"आणि पहिल्या दोन तारखा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"टाकीबाहेर पातळीचा काटा असतो. समोरच्या बाकावर बसून तासातासाला टिपला, फोटोही काढले. बारा फुटांखाली पाणी उतरलंच नाही. भरल्या टाकीत उतरून धुणारा माणूस नव्हे, मासाच हवा!"

न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही. दावा फेटाळला गेला. लेख राहिला, तेवढी तिसरी तारीख दुरुस्त करायची होती.

निकालाच्या दिवशी दुपारी वकीलबाईंच्या ऑफिसात काका एका बोटानं टाइप करत बसले.

"तळाशी एक ओळ पुरे," बाई म्हणाल्या.

"तळाशी कोण वाचतं, बाई? चूक वर दिसली पाहिजे." शीर्षकाच्याही वर त्यांनी आपली चूक लिहिली, सावकाश, एकेक अक्षर दाबत. खाली नाव घातलं. मग नावापुढे लिहिलं: पंपचालक.

'निवृत्त' लिहायचं राहिलं होतं. शब्दाशब्दाला अडवणाऱ्या वकीलबाईंनी ते पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवून त्या शांतपणे चहा सांगायला उठल्या.