बारीक दात

वादिराजाच्या दुर्बिणीचं चाक मोडलं, असा त्याच्या बायकोचा, सुलभाचा, फोन आला तेव्हा खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. वादिराज, माझा धाकटा भाऊ, जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्या चाकाची बोच मला बारा वर्षं होती. मीच केलेलं होतं ते.

यशवंतपूरला माझं गिअर कापायचं वर्कशॉप आहे. बनशंकरी भागातल्या त्याच्या घराच्या गच्चीवर वादिराजानं दुर्बीण बसवली, तेव्हा तिला आकाशाच्या चालीनं हळूहळू फिरवणारं एकशे चव्वेचाळीस दातांचं पितळी चाक त्यानं माझ्याकडं मागितलं. मी ते नेमकं आयुधपूजेच्या आदल्या दिवशी कापायला घेतलं. संध्याकाळच्या आत मशीन धुऊन, हळदकुंकू लावून तयार हवं. एकदा पूजा मांडली की मग हात लावायचा नाही. त्या घाईत माझी मोजणी चुकली आणि शेवटचा दात बारीक आला.

"अण्णा, एवढं परत करून देतोस?" त्यानं विचारलं.

मी खेकसलो, "तुझ्या खेळण्यापायी माझं मशीन अडवू नकोस."

त्यानं पुन्हा कधी मागितलं नाही. दुर्बीण माथ्यावरून जराशी पश्चिमेला कलली की तो दात यायचा आणि ती अडखळायची. मग वादिराज नळीवर हात ठेवून तिला हलकेच पुढं ढकलायचा. "अण्णाचं चाक इथं स्वल्प विचार करतं," असं म्हणून हसायचा. मी मनातल्या मनात जळफळायचो. चूक माझी झाली, एवढं म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही, आणि तो गेलाच.

"तो बारीक दात तुटलाय, तोच परत जोडता येत नाही का?" सुलभानं फोनवर विचारलं.

"कशाला? नवं करतो. या वेळी नीट करतो."

"जुनंच बरं होतं, अण्णा."

नवरा गेल्यावर वेडी माया, दुसरं काय, असं म्हणून मी फोन ठेवला.

चार दिवस लावून मी नवं चाक कापलं. एकेक दात दोनदा तपासला. मेट्रोत तपासणीवाल्या बाईनं पिशवी उघडायला लावली, तर तिलाही कौतुकानं दाखवलं.

अष्टमीचा दिवस होता. दिवेलागणीला चंद्र माथ्यावर आला होता. मी चाक बसवलं, मोटर सुरू केली आणि डोळा लावला. चंद्र मधोमध, जागचा हलेना. सुलभा प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिचं लक्ष चंद्राकडं नव्हतं, दुर्बिणीकडं होतं.

सातच्या सुमाराला ती जागा आली. चाक अडखळलं नाही. पण चंद्र एकदम बाजूला सरकला. मी मान वर केली. नळीजवळ कुणी नव्हतं, वाराही नव्हता. सगळे स्क्रू तपासले, घट्ट होते. चंद्र परत मधोमध आणला, तर तो पुन्हा सरकला, पाठीवर हात ठेवून कुणी हलकेच पुढं करावं तसा.

तो हात मी ओळखला. माझी चूक सांभाळून घ्यायची त्याची सवय अजून गेली नव्हती. मला रडूच फुटलं. मी नळीवर हात ठेवला, ती कोमट लागली.

"वादिराजा, चूक माझी होती रे," मी म्हणालो. "घाई मी केली आणि ओरडलो तुझ्यावर. आता दात बरोबर आहे. आता ढकलायला नको. तू जा."

"अण्णा, नका!" सुलभा खुर्चीतून उठली.

नळी माझ्या हाताखाली गार पडली. चंद्र मधोमध आणला, तो मधोमधच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बारा वर्षांचं ओझं उतरलं होतं. "बघ," मी डोळे पुसत म्हणालो, "कसं सुरळीत चाललंय."

सुलभा नळीला हात लावून उभी होती. "आठ महिने मी रोज संध्याकाळी इथं बसते," ती म्हणाली. "ती अडखळायची, आणि मग ते पुढं ढकलायचे. तेवढ्यापुरते ते घरी असायचे. मला आधी विचारायचं तरी होतंत, अण्णा."



रात्रीतून मी जुन्या चाकाचा दात जोडला, आणि दुसऱ्या संध्याकाळी ते परत बसवलं. ती जागा आली तशी दुर्बीण अडखळली. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. शेवटी मला राहवेना, मी हात पुढं केला.

"तुम्ही नका लावू," सुलभा म्हणाली.

मोटर चालत होती. दुर्बिणीतला चंद्र हळूहळू कडेला गेला आणि दिसेनासा झाला.