दादारावचा ॲम्प्लिफायर

अरविंद गुरुजींनी सावसरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि दरवर्षी पहिल्या तासाला एकच गोष्ट बजावली: कोणी सांगितलं म्हणून मानू नका, करून बघा. घरात मात्र मुलानं सांगितलं आणि गुरुजींनी निमूट मान डोलावली. बाप झालं की एवढी अक्कल गहाण पडतेच.

मोहगावचा रेडिओ मेकॅनिक दादाराव हा गुरुजींचा जिवलग. दोघांनी मिळून सागवानी पेटीतला एक ॲम्प्लिफायर बनवला होता. ट्रान्सफॉर्मरची तार दादारावनं स्वतःच्या हातानं गुंडाळलेली. पुढं दादाराव गेला, त्याची भजनं तेवढी कॅसेटवर राहिली. रोज सकाळी चहाबरोबर गुरुजी एक भजन लावत. त्या पेटीतून दादाराव समोर बसून गातोय असं वाटायचं, अगदी मधल्या खोकल्यासकट.

दिवाळीत पांढुर्ण्याला नोकरीसाठी रोज बसनं जाणाऱ्या मुलानं, केतननं, सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि वायफायवरून गाणी ओढून वाजवणारा एक चपटा प्लेअर बैठकीत आणून ठेवला. गुरुजी हरखले. मग केतन म्हणाला, "बाबा, याले डिजिटल स्पीकर लागते. तुमचा ॲम्प्लिफायर याच्यावर चालत नाही."

गुरुजींनी प्लेअर उलटा करून बघितला. "मंग मांगं हे लाल-पांढरे भोकं कायचे आहेत?"

"ते कंपनीवाल्यायच्या टेस्टिंगचे आहेत. पेटी मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत देऊन देतो. पोट्टे उघडून पाहतीन, शिकतीन."

शाळेचं नाव काढल्यावर गुरुजी विरघळले. पेटी गेली. नव्या इवल्याशा स्पीकरमधून दादाराव नाक दाबून गायल्यासारखा येऊ लागला. गुरुजींनी हळूहळू भजन लावणंच सोडलं, पण मुलाला बोलले नाहीत. त्यानं हौसेनं आणलं होतं ना.

दोन महिन्यांत केतनची पांढुर्ण्याहून सावसरला बदली झाली. रोजचा बसप्रवास संपला, पोरगा घरी जेवायला येऊ लागला. उपकाराला धन्यवाद द्यावेत, ही गुरुजींची जुनी रीत. केतनला न सांगता त्यांनी रामाकोन्याच्या बागेतली पिशवीभर संत्री घेतली आणि बदली करणाऱ्या वीरेंद्र साहेबांचं घर गाठलं.

फाटकाशीच त्यांचे पाय थांबले. आतून सतार वाजत होती, आणि सतारीखाली बारीक घूं चालू होती. ती घूं त्यांनी वीस वर्षं ऐकली होती.

"या गुरुजी! बसा!" साहेब शेताच्या पल्याडच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले. स्वभाव असेल एकेकाचा, असं गुरुजींना वाटलं.

टेबलावर सागवानी पेटी होती. शेजारी त्यांच्या घरच्यासारखाच चपटा प्लेअर. त्याच्या मागच्या लाल आणि पांढऱ्या भोकांतून दोन वायरी निघून सरळ पेटीत गेल्या होत्या. दहा मिनिटांचं काम. करून बघायला हवं होतं, गुरुजी.

सवयीनं ते उठले, पेटीचा दोन पायांचा प्लग काढला आणि उलटा करून लावला. घूं बंद झाली.

साहेब चकित झाले. पहिल्यांदाच साध्या आवाजात म्हणाले, "एवढी बारीक घूं तुम्हाले आयकू आली? केतन तं म्हणे, बाबाले आता आयकूच येत नाही, म्हणून पेटी तशीच पडून आहे. मले जुन्या सामानाचा शौक आहे, तं दिवाळीनंतर सोताच आणून जोडून देली त्यानं."

बदलीचा अर्ज दिवाळीनंतरच गेला होता. गुरुजींना सगळं एका क्षणात दिसलं. शाळा नव्हती, पोट्टे नव्हते. पोटच्या पोरानं दगा दिला होता, आणि वरून बापाला बहिरं ठरवलं होतं.

एक शब्द पुरे होता. पण मुलाला त्याच्या साहेबापुढं खोटं पाडणं त्यांच्यानं झालं नाही.

"कानानं नाही साहेब," ते पेटीवर हात ठेवून म्हणाले, "हाताले कंप लागला, म्हणून समजलं."

साहेबांनी पुन्हा आवाज चढवला आणि ओरडून चहा विचारला. गुरुजी संत्री ठेवून निघाले.

घरी केतन वाट बघत होता. "कुठं गेल्ते बाबा? फोन करून राहिलो कवाचा."

गुरुजी खुर्चीत बसून राहिले. केतननं पुन्हा विचारलं. मग जवळ येऊन खांद्याला हात लावत मोठ्यानं विचारलं.

"तुह्या साहेबाकडं गेल्तो," गुरुजी म्हणाले. "तुही इज्जत ठेवली. बहिरा होऊन आलो."

केतनचा चेहरा उतरला. मग अगदी हळू म्हणाला, "तुमच्याजवळ जास्त वेळ राहाले भेटावं म्हणून केलं बाबा."

गुरुजींना शब्द न् शब्द ऐकू आला.

"जोरानं बोल," ते म्हणाले.