चौकापर्यंत

बाबांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण संध्याकाळी कांचनताईकडे चहाला जायचं, हे ते कधीच विसरत नाहीत. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. आम्ही मनीमाजऱ्यात राहतो, ती पंचकुलात. मध्ये फक्त एक चौक. तो ओलांडला की चंडीगड संपून हरियाणा लागतो, हे करोना येईपर्यंत आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग सरकारने हद्दीवर बॅरिकेड लावले. मी विद्यापीठात शिकवते. साथ का अडवायची, हे मला कळतं. पण बाबांना रोज नव्याने कोण समजावणार? कडी लावली की दार बडवायचे. पाय मोकळे करायची मुभा मिळाली, तशी मीच त्यांना चौकापर्यंत नेऊ लागले.

तिथला पोलीस हात वर करायचा. "अंकलजी, आगे बंद है."

"मेरी बहन है उधर."

"ऑर्डर है जी."

ऑर्डर म्हटलं की बाबा गप्प. उभा जन्म हवाई दलात गेलेला. निमूट मागे फिरायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट घालून तयार. मला त्या पोलिसाचा राग यायचा. तो बिचारा उन्हात करपत होता, तरी राग यायचाच.

पण हळूहळू आत्याचा फोन आला, की बाबा विचारायचे, "कोण ताई?" बंदी उठेपर्यंत हे तिला पुरते विसरले तर?

बंदी उठली त्या संध्याकाळी मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. आत्यालाही दम निघाला नव्हता. ती चहाचा थर्मास आणि कप घेऊन समोरून येत होती. जिथे बॅरिकेड असायचं, नेमके तिथेच बाबा थांबले.

"चला ना, उघडलंय."

ते हलेनात.

"विशू!" आत्याने हाक मारली.

बाबांचा चेहरा उजळला. "ताई!"

ओळखलं! मला रडूच फुटलं. तेवढ्यात त्यांचा हात वर गेला. "ताई, तिथंच थांब. पुढे बंद आहे."

"अरे, बंदी उठली."

"मला कुणी सांगितलं नाही."

मी सांगितलं, आत्याने सांगितलं. बाबांचा हात खाली येईना. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने कपात चहा ओतला, कप दोघांच्या मधोमध फुटपाथवर ठेवला आणि मागे सरली.

तेव्हा कुठे बाबा कप घ्यायला पुढे झाले.