आठही अख्खे

आमच्या आप्पांना मोतीबिंदू झालाय, ही गोष्ट आप्पा सोडून सगळ्यांना मान्य होती. ते कपाच्या शेजारी चहा ओतायचे, शेजारणीला "काय रे, बरा आहेस ना?" म्हणून विचारायचे आणि वर दोष ट्यूबलाइटला द्यायचे. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दोनदा दिली. दोन्ही वेळा आप्पा आमच्या गॅरेजात एखाद्या गाडीखाली शिरून बसले. आईने त्यांना पाय धरून ओढायचा प्रयत्न केला, तर तिच्या हातात फक्त चप्पल आली.

मग तो ट्रक आला. भाजीवाल्याचा, पेट्रोलवर चालणारा, आठ स्पार्क प्लगवाला. या इंजिनाचे प्लग कुणीतरी मेकॅनिकांवर सूड उगवायलाच बनवलेत. प्लग दोन तुकडे जोडून केलेला असतो. खालची नळी काजळीने इंजिनात घट्ट चिकटते आणि वरचा भाग फिरवला की कट् आवाज होऊन नळी आतच राहते. ती काढण्यात मग अख्खा दिवस जातो. मागच्या वेळी असल्याच एका ट्रकचे आठातले तीन मी तोडले होते. आप्पांनी ही बातमी दूधवाल्यापर्यंत पोचवली.

"पैज लावता?" मी म्हणाले. "हे आठ तुम्ही काढायचे. एक जरी तुटला तर ऑपरेशन, मुकाट्याने."

"आणि आठही अख्खे निघाले तर?"

"तर डोळ्यांचा विषय घरात पुन्हा निघणार नाही."

"तुझ्या आईकडूनही कबूल करून घे," असं म्हणून आप्पांनी बाह्या सरसावल्या.

भाजीवाला म्हणाला, "उस्ताद, हे प्लग ना, आधी एकदा…"

"किल्ली ठेव आणि जा," आप्पा म्हणाले. आधी काय काम झालंय हे गिऱ्हाईकाला विचारायचं नाही, हा आमच्या गॅरेजचा कायदा. विचारतो तो मेकॅनिक नव्हे, असं आप्पांचं मत. भाजीवाला बिचारा किल्ली ठेवून गेला.

आप्पांनी इंजिन थोडं गरम केलं, प्रत्येक प्लग पाव फेरा सैल केला, आठही भोकांत काजळी विरघळवणारं औषध ओतलं आणि स्टुलावर बसून राहिले. चांगले दोन तास. माझं घोडं मागच्या वेळी इथेच अडलं होतं, मी अर्ध्या तासात पाना उचलला होता.

मग ते कामाला लागले. थोडं सैल, थोडं परत घट्ट, पुन्हा सैल. मी शेजारी उभी राहून त्या कट् आवाजाची वाट बघत होते. सख्ख्या बापाचं काम बिघडावं म्हणून देवाला साकडं घालणारी मुलगी मीच. पाचवा करकरला तेव्हा मला आनंद लपवता येईना. आप्पांनी पाना उलटा फिरवला, आणखी औषध सोडलं, थांबले, आणि तोही काढला. आठवा ट्रेमध्ये टाकून त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या डाव्या बाजूच्या खांबाकडे, तोऱ्यात बघितलं.

"मोज," ते म्हणाले.

मी मोजायला एक प्लग पुसला. जोड दिसेना. दुसरा पुसला, तिसरा पुसला. सगळे नव्या पद्धतीचे, एकसंध. हे तुटतच नाहीत. जुने दोन तुकड्यांचे कुणीतरी आधीच बदलले होते आणि भाजीवाला तेच सांगत होता.

मी फिदीफिदी हसणार होते, पण हसू आलंच नाही. मी नुसती त्या कट् आवाजाकडे कान लावून होते, नाहीतर तो फरक चार हातांवरून कळतो. आप्पांनी आठ प्लग स्वतःच्या हाताने काढले होते आणि त्यांना तो दिसला नव्हता.

मी एक त्यांच्या तळहातावर ठेवला. "आप्पा, याचा जोड कुठे आहे?"

त्यांनी तो उजेडाकडे धरला, पार नाकाला लावला. मग अंगठ्याचं नख सावकाश त्याच्याभोवती फिरवलं. पुन्हा फिरवलं. दुसरा मागितला, त्याच्यावरही फिरवलं. त्यांनी मला चार शिव्या हासडाव्यात असं मला फार वाटत होतं.

"पान्यावरचे आकडे चार महिने झाले वाचता येत नाहीत," ते म्हणाले. "बोटांनी ओळखतो. वाटलं, तेवढ्यावर निभेल."

"पण पैज तुम्हीच जिंकलात," मी म्हणाले. "एकही तुटला नाही."

"जिंकलोच. आईलाही तसंच सांगायचं. मी ऑपरेशनला जातोय ते माझ्या मर्जीने." त्यांनी हात पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"डॉक्टरांना तूच लाव. मला नंबर दिसत नाही."